गाभ्यात किती जणांनी राहावं

माझं आणि माझ्या मेहुण्याचं पटत नाही. केशोरीकडच्या, म्हणजे माझ्या सासुरवाडीच्या, नातेवाइकांना वाटतं, इटियाडोहच्या कालव्याखालच्या जमिनीच्या वाटणीवरून काहीतरी झालं असावं. तसं काही नाही. जमीन त्यांची, वाटणी त्यांची, माझा त्यात गुंठ्याचाही संबंध नाही. आमचं भांडण ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात किती गोष्टी ठेवाव्यात यावरून आहे. हे सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "बरं, खरं कारण काय?" खरं कारण हेच.

मी गोंदियात राइस मिलांची कंट्रोल पॅनेलं बनवतो आणि दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. मेहुणा पुण्यात गाड्यांच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर लिहायचा. कंपनीनं त्याचा विभागच बंद केला, तेव्हा "दोन महिने राहतो" म्हणून आला. आता चौदावा महिना चालू आहे. तो वरच्या खोलीत राहतो आणि जेवायला खाली येतो.

शहराबाहेरच्या एका मिलमध्ये जुना कलर सॉर्टर आहे. पॉलिश झालेला तांदूळ त्याच्या तीन उभ्या चुटांवरून, म्हणजे पन्हाळींवरून, घसरत पडतो. कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो आणि काळा-पिवळा दाणा दिसला की खालचं नोझल हवेचा फटका मारून तो बाजूला उडवतं. कॅमेऱ्यापासून नोझलपर्यंत अंतर सहा सेंटिमीटर. तिथं दाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटर. म्हणजे बघणं, ठरवणं आणि मारणं, सगळं मिळून वीस मिलिसेकंदांत व्हायला हवं. नऊ वर्षांपूर्वी त्या सॉर्टरचा मूळ कॉम्प्युटर जळाला, तेव्हा त्याच्या जागी मी माझा बोर्ड बसवला आणि सगळं पंधरा मिलिसेकंदांत आणलं. पाच शिल्लक राहतात. हे पाच मी सहज मिळवलेले नाहीत.

ते कसे मिळाले, ते सांगावं लागेल, कारण भांडण तिथंच आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरी, प्रोसेसर, सगळा ताबा त्याच्याकडे. कॅमेरा, नोझल, सेन्सर अशा एकेका वस्तूशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. माझे सगळे ड्रायव्हर गाभ्याच्या आत आहेत. याला मोनोलिथिक रचना म्हणतात. मध्ये भिंत नाही, एकानं ठेवलेलं दुसऱ्यानं थेट उचलायचं. मेहुणा मायक्रोकर्नलवाला. त्याच्या मते गाभ्यात अगदी अडेल तेवढंच असावं. बाकी प्रत्येक ड्रायव्हर बाहेर, आपापल्या खोलीत, दाराला कडी लावून. एकमेकांशी बोलायचं तर गाभ्यामार्फत चिठ्ठी पाठवायची. एखादा मेला तर त्याला तेवढ्यालाच पुन्हा उभं करायचं, शेजाऱ्याला धक्का लागत नाही.

आल्याच्या आठवड्यातच त्यानं माझा कोड वाचला आणि जेवताना म्हणाला, "भाऊजी, तुमी तर पूर्ण वऱ्हाड एका खोलीत झोपवलं. एकाले हगवण लागली की सगळ्याईची रात्र खराब."

"जेवताना बोलायची भाषा आहे का ही?" बायको म्हणाली.

मी म्हटलं, "आणि तुझं तहसील कार्यालय आहे. या टेबलावरची फाइल त्या टेबलावर न्यायला मधी चपराशी. तोपर्यंत दाणा पोत्यात."

"चपराशी मायक्रोसेकंदात जाते."

"पुण्याच्या बोर्डावर जात असेल. हा बोर्ड नऊ वर्षांचा आहे."

"मंग बोर्ड बदला ना. डिझाइनले कायले बदनाम करता?"

"तू मिलच्या सेठकडून नवा बोर्ड मंजूर करून आण. तोपर्यंत गप जेव."

बायकोनं भाताचं भांडं दोघांच्या मधून उचललं आणि नेलं. त्या दिवशी दोघांनाही दुसऱ्यांदा भात मिळाला नाही.

गेल्या हंगामात त्याला बोलायला आयतं सापडलं. मी सॉर्टरमध्ये धूळ मोजणारा एक सेन्सर जोडला होता, त्याचा ड्रायव्हरही नेहमीसारखा गाभ्यात. एक दिवस तो कोसळला आणि त्याच्याबरोबर गाभा, म्हणजे सगळा सॉर्टर. मी देवरीला गेलो होतो. परत येईपर्यंत चार तास मिल बंद. सेठ मला सगळ्यांसमोर बोलले. घरी मेहुणा नुसता वरणात लिंबू पिळत हसत होता. ते जास्त लागलं.

मग मी दोन गोष्टी केल्या. सिस्टीम गोठली तर आपोआप बंद करून पुन्हा चालू करणारं एक सर्किट बसवलं. अकरा सेकंदांत सगळं पुन्हा उभं. आणि बिघाड मोजणारा एक काउंटर लिहिला, दर शिफ्टला किती बिघाड झाले ते दाखवणारा. त्या दिवसापासून काउंटरवर शून्य होतं. मी दर सोमवारी जाऊन ते शून्य वहीत लिहून घ्यायचो. पानभर शून्यं झाली होती. एकदा ती वही मी मुद्दाम जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली.

या हंगामात त्या मिलचे दोन लॉट सरकारी गोदामातून परत आले. लॉट म्हणजे पाचशे ऐंशी पोती. तपासणारा माणूस थप्पीतल्या काही पोत्यांत परखी खुपसतो, म्हणजे टोकदार पोकळ नळी, तिच्यातून तांदूळ काढतो आणि डागी दाणे मोजतो. दोन्ही वेळा ते मर्यादेच्या वर निघाले. पोतं बहुतेक चांगलं, पण मध्येच एक थर डागी.

सेठनी सॉर्टरच्या ऑपरेटर बाईंना बोलावलं. या बाई पंचेचाळिशीच्या. लग्नाआधीपासून बिड्या वळायच्या. बिडीचं काम कमी झालं तेव्हा मिलमध्ये झाडूला लागल्या आणि तिथून सॉर्टरवर आल्या. त्या भागात यंत्रावर बसलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. घरचं सगळं त्यांच्याच पगारावर. सेठ म्हणाले, "देखो बाई, तीसरा लॉट लग रहा है. ये भी वापस आया, तो कल से मत आना. झाडू पर भी नहीं."

"मी पाहूनच राहतो सेठ. मशीनच बीचमधी चूप होते."

"चुप होते म्हणजे?" मी विचारलं. मला बोलावून घेतलं होतं.

"नोझल फटफट करते ना, तिचा आवाज. थोडा वेळ बंद होते, मंग आपलीच चालू. दिवसाले कट्टाभर वेळा तं होतेच."

कट्टा म्हणजे पंचवीस बिड्यांचा जुडगा. पंचवीस हा आकडा त्यांनी हातानं इतक्या वेळा मोजला आहे की त्या कुठलीही गोष्ट त्यातच मोजतात. मला ते तेव्हा अंदाजपंचे वाटलं. मी वही उघडली आणि सेठना दाखवली. म्हणालो, "मशीनमध्ये बिघाड नाही. पूर्ण हंगामात शून्य."

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, तुमी सोमवारी येऊन दहा मिनिटं राहता. मी आठ घंटे राहतो."

मी वही बंद केली. सेठ म्हणाले, "मशीन बोल रही है ज़ीरो." तिथं त्यांचं संपलं. बाईंची नोकरी आता तिसऱ्या लॉटवर होती आणि त्यांच्या विरुद्ध साक्ष मी दिली होती. मला तेव्हा तसं वाटलं नाही. मी खरा आकडा सांगितला, एवढंच वाटलं.

त्याच आठवड्यात कळलं की मेहुणा मला न विचारता सेठकडे जाऊन आला. त्यानं आपला जुना बोर्ड नेला, त्यावर मायक्रोकर्नलची सिस्टीम चढवली आणि "एक चूट मले द्या, फरक पाहा" म्हणून तिसरी चूट मागून घेतली. सेठनी दिली. मी घरी त्याला विचारलं, "माझ्या मिलमध्ये माझ्या पाठीमागून?"

"मिल सेठची हाये भाऊजी."

"माझ्या घरी जेवतोस."

"ताईच्या घरी जेवतो."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "घर माझ्या नावावर नाही आणि तुमच्याही नाही, बँकेच्या आहे. जेवा."

मी त्याचा प्रयोग बघायला गेलो तो चूक शोधायलाच. ती सापडलीही. त्याच्या रचनेत कॅमेऱ्याची चिठ्ठी ठरवणाऱ्याकडे आणि ठरवणाऱ्याची नोझलकडे, प्रत्येक चिठ्ठी गाभ्यातून. तांदूळ कमी असताना दोन मिलिसेकंद जादा. भरभरून वाहायला लागलं की कधी कधी आठ. शिल्लक पाच. म्हणजे तीन मिलिसेकंद उशीर, आणि तेवढ्यात डागी दाणा नऊ मिलिमीटर पुढे निघून गेलेला. फटका त्याच्या मागच्या चांगल्या दाण्याला. मी त्याच्या चुटेखालच्या रिजेक्शनमधून, म्हणजे फटक्यानं उडवलेल्या मालातून, शंभर ग्रॅम घेतले आणि ताटात पसरून निवडले. एकसष्ट ग्रॅम चांगला तांदूळ. माझ्या चुटेखालच्या शंभरात अठ्ठावीस.

"हे घे," मी ताट त्याच्यासमोर ठेवलं. "तुझा चपराशी."

त्यानं ताटाकडे बघितलं. "चांगला तांदूळ वाया जाते, मान्य. पुन्हा चूटमधी टाका, निघून येते. पण डागी दाना पोत्यात जाऊन राहिला का ते पाहा."

"तुझ्यातून जातोच. फटका चुकला की जातो."

"तुमच्यापेक्षा कमी." तो स्क्रीनकडे वळला. "आनि हे पाहा. तुमचा धुळीचा ड्रायव्हर जसाच्या तसा उचलला मी, एक ओळ बदलली नाही. सकाळपासून एकतीस वेळा मेला."

त्याच्या सिस्टीममध्ये बाहेर उभा राहून इतरांवर नजर ठेवणारा एक वेगळा प्रोग्रॅम होता. त्यानं प्रत्येक मरण वेळेसकट लिहिलं होतं. बाकी चूट त्या वेळात चालूच. एकतीस ओळी.

"तुमच्याकडे किती वेळा मेला?" त्यानं विचारलं.

"शून्य."

"तुमचा काउंटर कुठं राहते भाऊजी?"

काउंटर गाभ्यातच होता, त्याच मेमरीत. धुळीचा ड्रायव्हर कोसळला की गाभा मरायचा, माझं सर्किट सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं आणि काउंटर नव्यानं शून्यापासून सुरू. स्वतःचं मरण तो मोजणार कसा? मी पानभर जी शून्यं लिहिली होती, त्यांतलं प्रत्येक शून्य नुकत्याच पुन्हा चालू झालेल्या यंत्राचं होतं.

हे मला कळलं, पण मला कळणं पुरत नाही, मोजावं लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी स्टॉपवॉच घेऊन सॉर्टरपाशी स्टूल टाकलं. बाईंनी स्टुलाला वळसा घालून आपलं काम सुरू केलं. जेवायची सुट्टी मी घेतली नाही. नोझलांचा फटफटाट एकदम थांबायचा, मी बटण दाबायचो, परत सुरू झाला की पुन्हा दाबायचो. दर वेळी अकरा सेकंद, एखादवेळी बारा. त्या वेळात चुटांना धान्य देणारा थरथरणारा फीडर मात्र थांबत नव्हता, कारण ते सर्किट बसवताना मीच तो वेगळ्या लाइनवर घेतला होता, मिल बंद पडू नये म्हणून. तांदूळ न निवडता सरळ पोत्यात. पोतं शिवून थप्पीला.

शिफ्ट संपताना मी विचारलं, "बाई, तुमचे किती झाले?"

"एक कट्टा, वरून नऊ."

माझ्याकडे चौतीस होते.

तिथंच बसून हिशोब केला. चौतीस गुणिले अकरा, तीनशे चौऱ्याहत्तर सेकंद. दोन चुटा, तासाला दोन टन. दर शिफ्टला दोन क्विंटल आठ किलो तांदूळ कुणीही न बघता पोत्यांत गेला होता. पन्नास किलोचं पोतं दीड मिनिटात भरतं. म्हणजे चौतीस पोत्यांत प्रत्येकी सहा किलोचा डागी थर. परखी ज्या पोत्यात त्या थरात शिरेल, तिथं लॉट परत.

बिघाड काय होता तेही सापडलं. सेन्सरच्या काचेवर कोंड्याची धूळ बसली की तो चाळीस अक्षरांचा इशारा पाठवायचा. मी त्यासाठी बत्तीस अक्षरांची जागा ठेवली होती. उरलेली आठ शेजाऱ्याच्या जागेत सांडत होती, आणि गाभ्यात मध्ये भिंत नसते. दोन ओळी बदलल्या की झालं. तासाभराचं काम. कुणाला न सांगता करता आलं असतं आणि पुढचं सगळं ठीक चाललं असतं. पण बाईंच्या नावावरचे दोन लॉट तसेच राहिले असते. आणि तिसऱ्याची पोती भरून तयार होती, ट्रक तीन दिवसांनी लागणार होता.

मी सेठच्या ऑफिसात गेलो. बाईंना बोलवायला सांगितलं. मेहुणा तिथं आधीच बसला होता, त्याला मी बोलावलं नव्हतं.

"मशीन एका शिफ्टला चौतीस वेळा बंद पडते," मी म्हणालो. "बाई खरं सांगत होत्या. माझा काउंटर चुकीच्या जागी होता."

सेठ म्हणाले, "मतलब वो ज़ीरो झूठा था?"

"हो."

"पूरा साल?"

"हंगामभर."

मेहुणा म्हणाला, "मायक्रोकर्नल असतं तं पहिल्याच दिवशी..."

"याच्या चुटेखाली शंभर ग्रॅमला एकसष्ट ग्रॅम चांगला तांदूळ जातो," मी म्हणालो. "तेही लिहून घ्या."

"भाऊजी, माफी मागायला आले का मले पाडायला?"

"आकडे सांगायला आलो."

सेठनी टेबलावर हात आपटला. "मेरे को ना माइक्रो समझता, ना दूसरा वाला. अगले सीज़न नई मशीन आएगी, तुम दोनों का डिब्बा बाहर. अभी ये बताओ, थप्पी में जो माल है उसका क्या?"

हा प्रश्न बाईंच्या नोकरीचा होता. तो लॉट तसाच गेला तर परत येणार, आणि परत आला तर चूक कोणाची हे कोणी विचारणार नव्हतं. सेठचा शब्द लॉटवर होता. मी म्हणालो, "पाचशे ऐंशी पोती पुन्हा सॉर्टरमधून काढावी लागतील. एकोणतीस टन. तासाला दोन टननं साडेचौदा तास."

"हमाल नहीं दूँगा. ट्रक लोडिंग चालू है."

"मी ओततो."

"मी बी येतो," मेहुणा म्हणाला. ते माझ्यासाठी नव्हतं, हे मला माहीत आहे. तिसरी चूट चालू ठेवून त्याला आपला बोर्ड खरा करून दाखवायचा होता. मी म्हटलं, तिसरी चूट चालणार नाही. तो म्हणाला, तुमच्या दोन चालतील कशावरून. बाई उठून सॉर्टरपाशी गेल्या, तिसऱ्या चुटेचा फीडर बंद करून आल्या आणि म्हणाल्या, "नोकरी माही जाऊन राहिली. दोन चुटा चालतीन."

त्या संध्याकाळी मी दोन ओळी बदलल्या. फीडर अशा तऱ्हेनं जोडला की नोझलं थांबली की तोही थांबेल. काउंटर गाभ्याबाहेर काढला, स्वतःच्या सेलवर चालणारा वेगळा डबा. मेहुण्यानं तो बघितला आणि म्हणाला, "हे आता थोडं थोडं मायक्रोकर्नल होऊन राहिलं."

"हा डबा आहे," मी म्हणालो.

दोन दिवस आम्ही पोती ओतली. पन्नास किलोचं पोतं दोघांनी दोन कानांना धरून उचलायचं आणि सॉर्टरवरच्या हॉपरमध्ये, म्हणजे मोठ्या नरसाळ्यात, पालथं करायचं. माझं वय एकोणपन्नास आहे. चाळिसाव्या पोत्याला पाठ गेली. पोतं मध्ये धरून आम्ही भांडत होतो. तो म्हणे, चार तास मिल बंद पडली तेव्हाच भिंती घातल्या असत्या तर ही वेळ आली नसती. मी म्हणे, भिंती घातल्या असत्या तर पाच मिलिसेकंद कुठून आणले असते. तो म्हणे, बोर्ड. मी म्हणे, सेठ.

"पोतं घ्या हातात नाही तं खाली ठेवा," बाई ओरडल्या. "हवेत कायले धरून उभे हाव?"

आम्ही ओतलं.

रिजेक्शनमध्ये त्या दोन दिवसांत एक क्विंटल चौदा किलो आला. नव्या डब्यावर शून्य होतं, पण ते मी वहीत लिहिलं नाही. बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "चूप नाही झाली."

लॉट गोदामात गेला त्या दिवशी मी बरोबर गेलो. परखी किती पोत्यांत लागली ते मोजलं: अठ्ठावन्न. डागी दाणे मर्यादेच्या आत. पावती झाली. मी तिथून सरळ मिलमध्ये आलो, बाईंना सांगायला. त्यांना ट्रकवाल्याकडून आधीच कळलं होतं. त्या सॉर्टरच्या पुढच्या काचेवरची धूळ फडक्यानं पुसत होत्या. सेठनी त्यांना नव्या मशीनच्या ट्रेनिंगला पाठवायचं कबूल केलं होतं, हेही त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मी म्हणालो, "बाई, तेव्हा सेठसमोर मी जे म्हटलं..."

"माह्यासमोर शून्य सांगतलं. मंग माह्यासमोरच खरं सांगतलं. झालं," त्या म्हणाल्या. "आता सरका भाऊ, माल येऊन राहिला."

मी सरकलो. वरून तांदूळ सुटला आणि नोझलांचा आवाज सुरू झाला.